घरात एकाला पथ्य असेल, तर गाडीने लांबचा प्रवास कसा आखावा

नकाशा उघडण्याआधी एक कागद घ्या. पथ्य असलेल्या माणसाला काय चालत नाही, ते किती पोटात गेलं तर त्रास होतो, किती वेळात होतो आणि झाल्यावर काय करायचं, या चार गोष्टी त्यावर लिहा. पहिली गोष्ट घरात सगळ्यांना पाठ असते. उरलेल्या तीन बहुधा एकालाच माहीत असतात, आणि ऐन वेळी तोच गाडी चालवत असतो किंवा मागच्या सीटवर झोपलेला असतो. कागदाचा फोटो प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये हवा.

‘किती’ या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. शेंगदाण्याची ॲलर्जी किंवा सिलिॲक (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर कणाएवढाही अंश चालत नाही. तिथे पदार्थ कोणता आहे एवढं पाहून भागत नाही. तो कुठल्या भांड्यात, कुठल्या तेलात झाला हेही पाहावं लागतं. मूत्रपिंडाच्या किंवा रक्तदाबाच्या पथ्यात प्रश्न दिवसभराच्या बेरजेचा असतो. मधुमेहात बेरजेइतकीच वेळही महत्त्वाची. लॅक्टोज ही दुधातली साखर पचत नसेल तर थोडं दूध पोटात जाऊन फार तर पोट बिघडेल, पण दुधाची ॲलर्जी ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. लॅक्टोजसाठीच्या गोळ्या ॲलर्जीत काहीच कामाच्या नाहीत. या दोन्हींना घरात ‘दूध चालत नाही’ असंच म्हणायची सवय असेल, तर प्रवासाआधी ती मोडा.

टप्पे जेवणाच्या वेळांनुसार पाडा

आखणी बिघडते ती ठरवलेल्या जेवणाला नाही, न ठरवलेल्या जेवणाला. रस्ता बंद असतो, टायर बसतो, मुक्कामी पोहोचायला रात्रीचे दहा वाजतात आणि उघडं असलेल्या एकमेव ठिकाणी या माणसाला चालेल असं काही नसतं. म्हणून एक नियम पक्का ठेवा: त्या माणसाचं एक पूर्ण जेवण गाडीत कायम शिल्लक हवं. फ्रीज, शेगडी, गरम पाणी यांतलं काहीही न लागणारं. ते वापरलं, तर पुढच्या पहिल्या दुकानातून भरून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. मधली भूक भागवायला त्याला हात लावायचा नाही. त्यासाठी वेगळी पिशवी ठेवा.

वेळ धरताना नकाशा ५ तास सांगत असेल तर साडेसहा धरा. मग जेवणाच्या वेळा त्या रेषेवर मांडा आणि गाडी त्या वेळी कुठे असेल ते बघा. मोठं गाव, किराणा दुकान आणि चोवीस तास चालणारा आपत्कालीन विभाग असलेलं रुग्णालय, या तीन खुणा प्रत्येक टप्प्यात करा. जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी असेल तर शेवटची खूण सर्वांत आधी. फोनला रेंज नसलेल्या पट्ट्यांसाठी नकाशा आधीच उतरवून ठेवा.

बाहेरचं जेवण दिवसातून एकदाच, आणि शक्यतो दुपारचं. दुपारी काही चुकलं तर डॉक्टर, औषधाचं दुकान, दुसरं हॉटेल असे मार्ग उघडे असतात; रात्री ते मिटलेले असतात. सकाळचं आणि रात्रीचं जेवण स्वतःच्या हातात ठेवायचं तर मुक्कामाला स्वयंपाकघर असलेलं घर किंवा निदान फ्रीज असलेली खोली घ्या. सोबत न्यायचं एकच उपकरण निवडायचं झालं, तर छोटा राइस कुकर. त्यात भात होतो, भाज्या वाफवता येतात, अंडी उकडतात.

सिलिॲकसाठी भाड्याच्या घरातलं प्रत्येक भांडं वर्ज्य नाही. काचेची आणि स्टीलची भांडी साबणाने नीट धुतली की चालतात. ज्याच्या फटींत पीठ अडकतं ते टाळायचं: चाळणी, टोस्टर, लाकडी पोळपाट-पाट्या, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा आणि भांडी घासायचा स्पंज. स्पंज नवा न्या. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी वस्तू तीच.

हॉटेलला फोन करताना

गर्दीच्या वेळी फोन करू नका. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान केलात तर बोलणाऱ्याला स्वयंपाकघरात जाऊन विचारायला वेळ असतो. ‘तुमच्याकडे ग्लुटेनविरहित मिळतं का?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं. ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही असे प्रश्न विचारा. त्या कढईत आणखी काय काय तळता? रस्सा दाट करायला काय घालता? सूप घरी करता की पाकिटातलं? सॉस कुठल्या कंपनीचा आहे, त्याच्या बाटलीवरचं मला वाचून दाखवाल का? उत्तर देणारा अडखळला आणि ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणाला, तर ते चांगलं लक्षण. फार पटकन ‘काही काळजी करू नका’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

तळणीचं तेल हा वेगळा मुद्दा आहे. बटाट्यात ग्लुटेन नसतं, पण ज्या तेलात पीठ लावलेले पदार्थ तळले त्यातच बटाटे तळले, तर ते सिलिॲकला चालत नाहीत. तापवल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. शेंगदाण्याचं प्रथिनही उष्णतेने निरुपद्रवी होत नाही. सोया सॉसमध्ये बहुतेकदा गहू असतो आणि माल्ट जवापासून बनतो, म्हणून ‘गहू नाही’ आणि ‘ग्लुटेन नाही’ या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार ‘ग्लुटेनविरहित’ म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. स्वयंपाकघरातल्या तोंडी आश्वासनाला असं कुठलंही माप नसतं.

भाषा बदलणार असेल तर तिथल्या भाषेत एक छापील कार्ड करा: काय चालत नाही, ते कुठल्या पदार्थांत लपलेलं असतं, आणि भांडी-तेल वेगळं हवं. भाषा येणाऱ्या माणसाकडून ते वाचून घ्या. सीमा ओलांडली की वेष्टनावरच्या ॲलर्जीच्या सूचनांचे नियमही बदलतात. युरोपीय संघात १४ घटक ठळक दाखवणं बंधनकारक आहे, अमेरिकेत ९. मोहरी पहिल्या यादीत आहे, दुसऱ्या नाही. म्हणजे मोहरीची ॲलर्जी असणाऱ्याला एका ठिकाणी ठळक अक्षरं पुरतात, दुसऱ्या ठिकाणी तेवढ्यावर विसंबता येत नाही. ‘अंश असू शकतो’ ही ओळ तर अनेक देशांत ऐच्छिक असते. ती नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका.

थंड पेटी

अन्न खराब होऊन होणारा त्रास पथ्याच्या माणसाला दुप्पट महाग पडतो, कारण त्याला पर्यायी जेवण चटकन मिळत नाही. म्हणून पेटीच्या बाबतीत आळस नको.

शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर असावं. मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांहून जास्त ऊन असेल तर एकच तास. हे पाळायचं तर पेटी आदल्या रात्रीच बर्फ घालून गार करा. गरम पेटीत सकाळी बर्फ टाकला की त्यातला बराचसा पेटीच्या भिंती गार करण्यातच संपतो. आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी फ्रीजमध्ये पूर्ण थंड झालेली हवी. बर्फाचा चुरा लवकर वितळतो, मोठा ठोकळा टिकतो. बाटल्यांत पाणी गोठवून घेतलं तर वितळल्यावर डब्यांत पाणी शिरत नाही आणि ते पिताही येतं. पेटीतली निम्म्याहून जास्त जागा बर्फाला द्या, उरलेल्या फटींत टॉवेल कोंबा. दोन-तीन जेवणं गोठवूनच घेतली तर ती स्वतःच बर्फाचं काम करतात.

पेयांची पेटी वेगळी. हा खर्च चुकवू नका. मुलं दर वीस मिनिटांनी पाण्यासाठी झाकण उघडतात आणि थंडावा निघून जातो. जेवणाची पेटी डिकीत न ठेवता एसी लागतो त्या भागात, उन्हाच्या विरुद्ध बाजूला ठेवा. आत एक साधा थर्मामीटर टाका. हात लावून ‘गारच आहे’ म्हणणं हे माप नव्हे.

भाताबद्दल विशेष काळजी घ्या. तो ग्लुटेन, दूध, अंडी अशा बहुतेक पथ्यांत चालतो, म्हणून सगळे तोच नेतात. पण बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवतानाच्या उष्णतेतही टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा तापवूनही जात नाही. भात झाला की उथळ ताटात पसरून तासाभरात गार करा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. गरम न्यायचा तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ते ओतून वाफाळता भात काठोकाठ भरा. तुमचा थर्मास ६० अंशांच्या वर किती तास टिकवतो, हे घरी एकदा मोजून पाहा; वेष्टनावरचे आकडे उदार असतात.

औषधं पेटीत टाकून मोकळे होऊ नका

उन्हात उभ्या गाडीचं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच खूप चढतं, काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ॲड्रेनलिनचं पेन (गंभीर ॲलर्जीत लगेच टोचायचं तयार इंजेक्शन) डॅशबोर्डच्या खणात किंवा डिकीत नको, आणि बर्फावरही नको. त्याला खोलीचं तापमान लागतं. ते माणसासोबत फिरणाऱ्या पिशवीत असावं, आणि एक नाही, दोन. पेनच्या खिडकीतून दिसणारं द्रव गढूळ किंवा रंगीत झालं असेल तर पेन बदला.

गंभीर ॲलर्जीची लक्षणं दिसली तर पेन आधी, रुग्णवाहिकेला फोन नंतर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर टोचा, कपड्यांवरूनही चालतं. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. ५ ते १५ मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरं पेन. ॲलर्जीच्या गोळ्या यावरचा उपाय नाहीत. त्या सावकाश काम करतात आणि अडलेला श्वास सोडवत नाहीत. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत चालतं, नेमका अवधी पत्रकात पाहा. ते बर्फाला टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखंच असू शकतं, पण त्याचा भरवसा राहत नाही, फेकून द्या. साखर कारण नसताना चढत राहिली तर आधी नवं पेन उघडून पाहा. रक्ततपासणीच्या पट्ट्याही उन्हापासून जपा.

मधुमेह असलेला माणूस गाडी चालवत असेल तर

निघण्याआधी साखर तपासा आणि दर दोन तासांनी पुन्हा. इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असताना काही खाल्ल्याशिवाय चाकावर बसू नये. ७० च्या खाली गेली तर गाडी बाजूला घ्या, १५ ग्रॅम साखर द्या: ग्लुकोजच्या ३-४ गोळ्या किंवा साधारण १५० मिली फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट यासाठी वाईट निवड आहे. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, आणि उन्हात ते वितळतं ते वेगळंच. आकडा सुधारला तरी मेंदू सावरायला वेळ लागतो, म्हणून पुढची ४५ मिनिटं दुसऱ्याने चालवावं. हॉटेलात जेवणाचं इन्सुलिन ऑर्डर देताना नको, ताट समोर आल्यावर घ्या. स्वयंपाकघराचा उशीर कुणाच्याच हातात नसतो.

‘शुगर-फ्री’ चघळायच्या गोळ्यांत बऱ्याचदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं. चार-पाच खाल्ल्या की पोटात वायू आणि जुलाब. पुढचं शौचालय कुठे आहे हे माहीत नसताना त्या नकोतच.

खरेदी आणि गाडीतली शिस्त

प्रवासात सहज मिळणारी केळी, बटाटे आणि सुका मेवा मूत्रपिंडाच्या पथ्यात पोटॅशियममुळे अडचणीचे असतात. सफरचंद आणि द्राक्षं बरी. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ अनेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं, तेही इथे घातक. पाकिटावर सोडियम लिहिलं असेल तर अडीचने गुणा म्हणजे मीठ कळतं, आणि आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा ते पाहा. नवीन पदार्थ रस्त्यावर पहिल्यांदा खायला देऊ नका. आठवडाभर आधी घरी चाखून पाहा.

ॲलर्जी ज्या पदार्थाची आहे तो गाडीत कुणीच खायचा नाही. हातावरचं शेंगदाण्याचं प्रथिन सॅनिटायझरने जात नाही, साबण-पाण्याने किंवा वेट वाइप्सनी जातं. भाड्याच्या गाडीत सीट, बेल्टचे खटके आणि दारांच्या मुठी आधी पुसून घ्या. पथ्याची सगळी जबाबदारी पथ्यवाल्यावरच टाकू नका. दिवसाआड दुसऱ्या कुणीतरी वेष्टनं वाचावी, फोन करावे.

परतीच्या दिवसाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सामान संपलेलं असतं, बर्फ वितळलेला असतो आणि ‘आता घरीच जायचंय’ म्हणून कुणी काही घेत नाही. आदल्या संध्याकाळीच त्या दिवसाचं जेवण विकत घ्या किंवा शिजवा, आणि बर्फाच्या बाटल्या गोठवायला द्या. खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये त्या गोठत नाहीत, म्हणून स्वागतकक्षात विचारून स्वयंपाकघराच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायला सांगा. बाटल्यांवर नाव आणि खोली क्रमांक चिकटवा, आणि सकाळी त्या काढून कोण देणार, त्या वेळी स्वयंपाकघर उघडं असेल का, हे रात्रीच विचारून घ्या.