तिसऱ्या चौकटीतील खूण

सुट्टीत नौपाड्याला आलो की जर्मनीला माझ्यासारखीच शिकायला निघालेली दोन-तीन मुले हमखास भेटायला येतात आणि ब्लॉक्ड अकाउंटमधील, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवायच्या खात्यातील, ११,९०४ युरोंविषयी विचारतात. तो हिशेब तुम्हांला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, हेही तुम्ही वाचलेच असेल. मी अडकलो तो त्यानंतरच्या कागदात.

माझा व्हिसा सहा महिन्यांचा होता. तो संपण्याच्या तीन आठवडे आधी मी निवास परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरला, पोच म्हणून आलेला ई-मेल जपून ठेवला आणि निर्धास्त झालो. मुदतीत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुना हक्क कायद्याने चालू राहतो, त्यामुळे तिथे राहण्यास अडचण नव्हती. अडचण होती ती देशाबाहेर पडून परत येण्याची. विमानतळावरचा माणूस कलमे वाचत बसत नाही, त्याला मुदत संपलेला व्हिसा दिसतो. त्याच्यापुढे ठेवण्यासाठी 'फिक्शन्सबेशायनिगुंग' नावाचे वेगळे प्रमाणपत्र लागते. त्यावरील तीन चौकटींपैकी तिसरीत, म्हणजे निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमापुढे, खूण असावी लागते. खूण पहिल्या दोहोंपैकी एकीत असेल, तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. पुन्हा सांगतो, ई-मेलची पोच म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे.

मला हे उमगले तेव्हा आजी ठाण्यात रुग्णालयात होती, आणि परवाने देणाऱ्या तिथल्या कार्यालयाने भेटीसाठी सात आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. तिचे तेरावे मी फोनवर पाहिले. वसतिगृहातले सीनियर "काही होत नाही, जा बिनधास्त" म्हणत होते. अशा सीनियरांचे नशीब चांगले होते एवढेच त्यांच्या सल्ल्यावरून कळते, असे माझे मत आहे. विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी कक्षातल्या बाई रुक्ष बोलत, पण त्यांनी सांगितलेली एकही गोष्ट खोटी ठरली नाही.

एवढे वाचून बेत रद्द करू नका. कागद सुटले की दिवस सुरळीत जातात. पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधार पडे, रविवारी दुकाने बंद असत आणि राम मारुती रोडची गर्दी आठवून जीव कासावीस होई. आता घोडबंदर रोडवर तासभर रिक्षात अडकलो की मला तिथली ट्राम आठवते, आणि रविवारी आईने मिक्सर लावला की तिकडच्या सवयीने शेजारी काय म्हणतील या विचाराने मीच दचकतो. तिकडे मात्र शेजाऱ्यांच्या त्याच धाकाने गणपतीची आरती टाळ न वाजवता, हलक्या आवाजात म्हणताना दरवर्षी थोडा राग येतो.

माझा परवाना येत्या मार्चमध्ये संपतो. नूतनीकरणाचा अर्ज भरला आहे, आणि प्रमाणपत्राची लेखी मागणी या वेळी त्याच दिवशी पाठवली आहे.