बंदूक परवान्याच्या पडताळणीत नाव अडकले, तर काय करावे

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत रानडुकरे आणि वानरांपासून भात, नारळ, काजू राखण्यासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. आणि याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे, 1993 च्या सुरुवातीला मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स हे स्फोटक उतरवले गेले होते. त्यामुळे परवाना देण्यापूर्वी संशयितांच्या नोंदी बारकाईने तपासल्या जातात, ते योग्यच आहे. दहशतवादाशी संबंध असलेल्या माणसाच्या हाती सरकारी परवान्याची बंदूक पडता कामा नये, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मात्र नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही आणि कोकणात हा फरक कागदावर दाखवून देण्याची जबाबदारी बहुतेक वेळा अर्जदारावरच येऊन पडते.

प्रथम कायदा समजून घ्यावा. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये पाळतीवरील व्यक्तींच्या यादीसाठी स्वतंत्र कलम नाही. कलम 9 नुसार 21 वर्षांखालील व्यक्ती, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा भोगून पाच वर्षे न झालेली व्यक्ती आणि चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता किंवा चांगली वर्तणूक राखण्याची हमी घेण्याच्या प्रतिबंधक कारवाईत, बंधपत्र दिलेली व्यक्ती, त्या बंधपत्राची मुदत संपेपर्यंत, अपात्र ठरते. याखेरीज कलम 14 अन्वये सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना नाकारता येतो, आणि गुप्त नोंदींचा परिणाम होतो तो याच वाटेने. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमात 2019 साली दुरुस्ती होऊन व्यक्तींनाही दहशतवादी घोषित करण्याची तरतूद झाली. अशा व्यक्तींची नावे असलेली त्या अधिनियमाची चौथी अनुसूची राजपत्रात प्रसिद्ध होते, त्यामुळे कोणालाही वाचता येते. पोलिसांच्या अंतर्गत नोंदी मात्र अर्जदाराला दिसत नाहीत.

अमेरिकेत हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. तेथे केवळ दहशतवादाच्या संशयावरून ठेवलेल्या पाळतीच्या यादीत नाव आहे म्हणून बंदूकखरेदी अडवता येत नाही. फेब्रुवारी 2004 ते डिसेंबर 2015 या काळात यादीतील नावांशी जुळलेल्या 2,477 पडताळण्यांपैकी 2,265 मध्ये व्यवहारास मुभा मिळाली. ऑरलँडो येथील नाइटक्लबमधील हत्याकांडानंतर जून 2016 मध्ये अशा खरेदीवर निर्बंध घालण्याचे प्रस्ताव सिनेटमध्ये फेटाळले गेले. पण यादीवर घेतलेला आक्षेपही पोकळ नव्हता, कारण 2004 मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाच नावाच्या साधर्म्यामुळे विमानतळांवर अडवण्यात आले होते. एवढ्या प्रसिद्ध माणसाची ही स्थिती झाली, तर एकाच आडनावाची तीस घरे असलेल्या आपल्या वाड्यांचा विचार करावा. नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत असल्याने नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या तिन्ही बाबी जुळणारी दोन माणसे एकाच महसुली गावात निघू शकतात.

म्हणून अर्ज भरतानाच ओळख घट्ट बांधून द्यावी. आधारपत्रावरील पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचे नाव, वाडीचे नाव आणि घर क्रमांक यांत कोठेही तफावत ठेवू नये. सातबाऱ्यावर नाव वेगळ्या पद्धतीने लागले असेल तर तसे स्वतंत्र अर्जात लिहून द्यावे. मुंबईत नोकरीनिमित्त काढलेली वर्षे लपवू नयेत. लालबागच्या चाळीतला किंवा विरारच्या खोलीतला पत्ता वगळला आणि पडताळणीत तो पुढे आला, तर साधा विसरही माहिती दडवल्यासारखा दिसतो. जुना गुन्हा असेल आणि त्यात निर्दोष सुटका झाली असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत जोडावी.

पोलीस ठाण्यात जबाब नोंदवला जाईल तेव्हा घाई करू नये. अंमलदाराने लिहिलेला मजकूर सही करण्यापूर्वी ओळीने वाचावा. आपल्या नावाच्या दुसऱ्या व्यक्तीवर गुन्हा असल्याचे ठाऊक असेल, तर ‘सदर व्यक्ती व मी भिन्न आहोत’ हे वाक्य, तिची वाडी आणि वडिलांचे नाव यांसह, जबाबातच घालण्याची विनंती करावी. पोलीस पाटलांचा दाखला येथे फार उपयोगी पडतो, कारण दोन सारख्या नावांमधला भेद गावात त्यांनाच नेमका माहीत असतो. शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा खरा आणि प्रामाणिक अर्ज असेल, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 अन्वये परवाना द्यावा असेच कायदा सांगतो, आणि जमीन थोडी आहे एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

नकार आल्यास तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे आणि मागणी केल्यावर त्यांचा संक्षिप्त गोषवारा मिळतो; तो देणे जनहिताचे नाही असे मत झाल्यासच अपवाद होतो. कलम 18 खालील अपिलासाठी आदेश मिळाल्यापासून 30 दिवस असतात, म्हणून आदेश हाती आल्याची तारीख त्याच पानावर लिहून ठेवावी. अपिलात आपल्या सज्जनपणाविषयी पानेच्या पाने लिहिण्यापेक्षा कोणत्या गुन्हा क्रमांकाची नोंद चुकून आपल्या नावे लागली आहे, हे पुराव्यासह मांडावे. कारणे अजिबात दिली नसतील, तर नेमका तोच मुद्दा अपिलाच्या पहिल्या परिच्छेदात घ्यावा. अपीलही फेटाळले गेले, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पक्षकारांसाठी ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) उपलब्ध झाले आहे.

हातात असलेला परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर कितीही अन्याय वाटला तरी बंदूक घरात ठेवू नये, कारण त्या क्षणापासून ती बेकायदेशीर ठरते आणि नावावर खराखुरा गुन्हा दाखल होतो. ती रिकामी असल्याची खात्री करून विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावी. खाऱ्या हवेत नळी लवकर गंजते, म्हणून आधी तेल लावावे, आणि बंदुकीचा क्रमांक व स्थिती नमूद केलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.