इंट्रो, घड्याळ आणि कानातला आवाज: संगीत निवेदकाचं रोजचं काम

गाण्यांचा कार्यक्रम करायला गोड आवाज हवा, असं ऐकणाऱ्याला वाटतं. स्टुडिओत बसलं की कळतं, त्याआधी सेकंदांची बेरीज-वजाबाकी जमावी लागते. आवाज हळूहळू बसतो, चुकलेली वेळ मात्र लगेच सगळ्यांना ऐकू येते.

इंट्रोपासून सुरुवात करा, म्हणजे गायक सुरू होण्याआधीच्या संगीतापासून; निवेदक त्यावरच बोलतो. पहिल्या सुरापासून गायकाच्या पहिल्या शब्दापर्यंत किती सेकंद जातात, ते स्टॉपवॉच लावून मोजा आणि लिहून ठेवा. स्पष्ट मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे १४ सेकंदांच्या इंट्रोत पंचवीस-सव्वीस शब्द, आणि गायकाआधी अर्धा सेकंद मोकळा. नवख्यांचा घोळ ठरलेला: लांबलचक प्रस्तावना आणि गाण्याचं नाव सगळ्यात शेवटी. मग नेमकं नावच मुखड्याखाली चिरडतं. शेवटचं वाक्य आधी ठरवून पाठ करा. वेळ कमी पडतेय असं दिसलं की मधलं गाळून थेट त्यावर या. सुरुवातीला आलाप असेल तर तो इंट्रोत धरू नका. आलापावर बोलणं म्हणजे गायकाच्या तोंडावर बोलणं.

याहून अवघड काम म्हणजे ठरलेल्या वेळेला संपवणं. समजा, बातम्या ठीक ९ वाजता आहेत. शेवटचं गाणं ४ मिनिटं १२ सेकंदांचं, त्यानंतर ८ सेकंदांची जिंगल, म्हणजे केंद्राची छोटी ओळखधून. उलटं मोजा: गाणं ८ वाजून ५५ मिनिटं ४० सेकंदांनी सुरू व्हायला हवं. आधीचं गाणं ५५ मिनिटं १० सेकंदांनी संपत असेल तर तुमच्या हातात ३० सेकंद आहेत, बोलायला साठ शब्द. बोलणं लांबणारच असेल तर शेवटी तितक्याच लांबीचं वाद्यसंगीत घ्या. ते ठरल्या वेळी, ५५ मिनिटं ४० सेकंदांनी, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) बंद ठेवूनच सुरू करायचं आणि बोलणं संपलं की फेडर हळूच वर न्यायचा. शेवट अचूक जुळतो, सुरुवात कापली गेल्याचं कुणाला जाणवत नाही. गायलेल्या गाण्यावर हे करू नका, ओळीच्या मधूनच गाणं उगवतं. हळूहळू विरत जाणारं गाणं थोडं आधी उतरवता येतं. ठोक्यावर संपणारं मध्येच तोडलं की लगेच खटकतं.

माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका ठेवा. अगदी समोर असला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट त्यावर आदळून धप्प असा आवाज येतो. फार जवळ गेलं की आवाज जड आणि घुमल्यासारखा होतो. काहींना तोच भारदस्त वाटतो, पण शब्द कळत नाहीत. हेडफोनमध्ये मिक्सरमधून निघणारा आवाज घ्या. प्रसारण पकडून ऐकलंत तर स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा कानावर येतो आणि जीभ अडखळते.

काम मागताना पाठवायचा डेमो, म्हणजे तुमच्या निवेदनाचा नमुना, दोन-तीन मिनिटांचा पुरे. गाणी अख्खी ठेवू नका: तुमचं बोलणं संपल्यावर चार सेकंद गाणं, मग कट, पुढच्या बोलण्याआधी पुन्हा चार सेकंद. सर्वांत चांगला तुकडा पहिल्याच पंधरा सेकंदांत हवा, कारण निवडणारा तिथेच ठरवतो. मागे ढणढण संगीत लावून आवाज झाकू नका, लगेच कळतं.

टीव्हीवर गणित तेच, फक्त घड्याळ कानात येतं. तुम्ही कलाकाराशी बोलत असता आणि इअरपीसमध्ये ‘दहा, नऊ, आठ...’ चालू असतं. याचा सराव घरी होतो: ३० ते ० अशी उलटी मोजणी रेकॉर्ड करा, ती कानात लावून एखाद्या गाण्याविषयी न वाचता बोला आणि वाक्य शून्यावर संपवा. सुरुवातीला तोंडून आकडेच बाहेर पडतात. प्रॉम्प्टर (वाचायचा मजकूर समोर सरकवणारा पडदा) असेल तर त्याच्या मागे धावू नका, तो चालवणाऱ्याने तुमच्या गतीने यायचं असतं. तुम्ही घाई केलीत की तोही वेग वाढवतो. कपड्यांवर बारीक रेघा नकोत, पडद्यावर लाटा उठतात. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवा रंगही नको. आणि कॉलर माइकजवळ गळ्यातली साखळी ठेवू नका: मान हलली की ती माइकला घासते आणि ती खरखर नंतर काढून टाकणं फार जिकिरीचं होतं.