कारखान्याच्या सर्व्हरवर कोणतं लिनक्स आणि कोणता कंटेनर? निवड करायची रीत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नवा सर्व्हर घ्यायचा होता. मालकांनी दोन कोटेशनं माझ्यापुढं सरकवली. एकात उबंटू आणि डॉकर, दुसऱ्यात रेड हॅट आणि ओपनशिफ्ट. उबंटू आणि रेड हॅट ही लिनक्सचीच दोन रूपं; डॉकर आणि ओपनशिफ्ट ही कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या लवाजम्यासकट बांधलेली पेटी, चालवायची साधनं. "दोन्ही ओपन सोर्सच की नव्हं? मग एक फुकटात आणि दुसऱ्याला एवढं पैसं कशाचं?" प्रश्न रास्त होता. उत्तराला अर्धी दुपार आणि तीन चहा लागले. ते बोलणं इथं क्रमानं मांडतो. गोकुळ शिरगावात मशीन शॉप असो की शाहूपुरीत घाऊक दुकान, क्रम तोच राहतो.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी. ओपन सोर्समध्ये कोड खुला असतो, जबाबदारी नव्हे. रेड हॅटला पैसे जातात ते ठरलेल्या मुदतीपर्यंतच्या अपडेटचे, इतर कंपन्यांनी दिलेल्या प्रमाणपत्रांचे आणि अडचणीत फोन उचलणाऱ्या माणसाचे. हा माणूस तुम्हाला हवाय का, एवढंच ठरवायचं असतं. पण ते ठरवायच्या आधी थोडं काम आहे.

पायरी १ : वहीत तीन रकाने आखा

पहिल्यात प्रोग्रॅमचं नाव, दुसऱ्यात तो कशावर चालतो, तिसऱ्यात तो किती वेळ बंद पडला तर चालेल.

दुसऱ्या रकान्यातच निम्मा घोळ मिटतो. टॅली विंडोजवर चालतं. भट्टीशेजारच्या खोलीतल्या, धातूची घडण तपासणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअरही बहुतेक ठिकाणी विंडोजवरच असतं. ही दोन्ही लिनक्सच्या कंटेनरमध्ये जात नाहीत, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, नसतो, तो खालच्या मशीनचाच कर्नल वापरतो. टॅलीसाठी आख्खं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या पोटात चालणारं दुसरं मशीन, लागतं. डेबियन या लिनक्सवर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स त्यासाठी चांगलं आहे, सबस्क्रिप्शन न घेताही चालतं. विंडोजचं लायसन्स मात्र घ्यावंच लागेल. आणि टॅली नव्या मशीनवर नेण्याआधी जुन्यावरचं लायसन्स सरेंडर करा. हे विसरलेला अकाउंटंट सकाळी दहाला फोन करतो तेव्हा त्याचा आवाज ऐकवत नाही. स्पेक्ट्रोमीटरच्या पीसीला तर हातच लावू नका.

उरतं ते लिनक्सवर जातं : ईआरपीनेक्स्टसारखी कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारी प्रणाली, फाइल सर्व्हर, डिस्पॅचसाठी कुणीतरी लिहून दिलेला प्रोग्रॅम, हजेरीचा डेटाबेस.

तिसरा रकाना मालकांकडूनच भरून घ्या. हजेरीचा अहवाल दोन दिवस उशिरा आला तरी कुणी ओरडत नाही. पण डिस्पॅचचा प्रोग्रॅम अर्धा तास बसला की ई-वे बिल निघत नाही आणि गेटवर भरलेले ट्रक उभे राहतात.

पायरी २ : ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सपायरी बघा

औषधाच्या पाकिटावर आपण आधी तारीख बघतो. इथंही तेच करा. सुरक्षेची अपडेट कधीपर्यंत मिळणार, हा पहिला प्रश्न. दिसायला कसं आहे, हा प्रश्न सर्व्हरला लागू नाही.

सेंटओएसची गोष्ट त्यासाठी माहीत हवी. रेड हॅटसारखंच, पण फुकट, म्हणून सेंटओएस भारतभर सर्व्हरवर बसलं होतं. आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल, असं धरून लोकांनी ती घातली. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की ती २०२१ अखेरीसच बंद होणार. जवळपास साडेसात वर्षं एका फटक्यात गेली. गंमत म्हणजे जे आळसानं सातव्याच आवृत्तीवर बसून राहिले होते, त्यांना ३० जून २०२४ पर्यंत अपडेट मिळत राहिली. आळशी माणसाचं असं भलं क्वचितच होतं.

त्या पोकळीतून २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आली. दोन्ही रेड हॅटच्या वळणाची, दोन्हींची नववी आवृत्ती मे २०३२ पर्यंत. २०२३ मध्ये रेड हॅटनं सोर्स कोड देण्याची पद्धत आवळली, तेव्हा रॉकीनं तंतोतंत नक्कल चालू ठेवायचं ठरवलं आणि अल्मानं 'प्रोग्रॅम तसेच चालतील एवढं जुळवू' असा मार्ग घेतला. कारखान्याला या फरकाची झळ सहसा लागत नाही. झळ लागते ती विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या करारात 'फक्त रेड हॅटवर सपोर्ट' अशी ओळ असेल तेव्हा. अल्मा चालेल का, हे विक्रेत्याकडून ई-मेलवर लिहून घ्या. तोंडी 'चालतंय की' धरू नका.

उबंटूची एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. २४.०४ असेल तर २०२९ पर्यंत. पुढची पाच वर्षं हवी असतील तर उबंटू प्रो घ्यावं लागतं. डेबियनमागं कंपनी नाही, स्वयंसेवक आहेत. साधारण तीन वर्षं नेहमीची अपडेट आणि दोन वर्षं एलटीएसची, मिळून पाच. डेबियन कंटाळवाणं आहे, आणि सर्व्हर कंटाळवाणाच असावा.

सुसे हे लिनक्सचं आणखी एक रूपही उत्तम आहे, पण आपल्या भागात ते जाणणारा माणूस शोधायला मला दर वेळी पुणं गाठावं लागलंय. निवडीत हेही धरा. तुमच्या गावात, तुमच्या पगारात कोण मिळतंय? मला तरी उबंटू-डेबियनवर हात बसलेली पोरं जास्त भेटतात. म्हणून विक्रेत्याची अट नसेल तर मी त्याच बाजूला झुकतो. अट असेल किंवा मोठ्या गिऱ्हाईकाचं ऑडिट येणार असेल, तर रेड हॅटचे पैसे बिनघोर भरा.

पायरी ३ : पॅटर्न आणि कास्टिंग वेगळं ओळखा

त्या मालकांना कंटेनर समजावताना माझी बोबडी वळायची वेळ आली होती. खिडकीतून पॅटर्न शॉप दिसलं आणि सुटलो. कंटेनर ज्यावरून काढतात ती इमेज म्हणजे पॅटर्न, साच्याचा नमुना; कंटेनर म्हणजे कास्टिंग, ओतलेला भाग. एका पॅटर्नवर हवी तेवढी कास्टिंग निघतात. कास्टिंग बिघडलं तर कानशीनं घासत बसत नाही. ते भट्टीत परत जातं, पॅटर्न दुरुस्त होतं आणि नवं ओततात. कंटेनरचंही तसंच. आत शिरून दुरुस्ती करायची नाही, इमेज सुधारायची आणि नवा कंटेनर काढायचा. म्हणून डेटा कधीच कंटेनरच्या पोटात ठेवायचा नाही, बाहेर व्हॉल्यूममध्ये, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवरच्या वेगळ्या जागेत, ठेवायचा.

इमेजला आवृत्तीचा टॅग असतो, तो हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक ओतीला दिलेला क्रमांक, समजा. पुष्कळ जण 'लेटेस्ट' टॅग लावून मोकळे होतात. हीट नंबर नसलेलं कास्टिंग गिऱ्हाईकाकडून परत आलं तर शोध कसा घेणार? नेमका आकडा लिहा.

आता डॉकर, पॉडमॅन की कुबरनेटीस?

एक सर्व्हर, पाचसात प्रोग्रॅम, एवढाच संसार असेल तर डॉकर आणि अनेक कंटेनर एकत्र उभे करणारं डॉकर कंपोज पुरतं. २०१३ पासून वापरात असल्यानं कोणत्याही अडचणीचं उत्तर सापडतं. सर्व्हरवरचं डॉकर इंजिन फुकट आहे, पण ऑफिसच्या पीसीवर घालायचं डॉकर डेस्कटॉप सगळ्यांना नाही. कर्मचारी २५० च्या खाली आणि वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरच्या खाली, अशा दोन्ही अटी बसल्या तरच ते फुकट. तीनशे माणसांच्या फाउंड्रीत एखाद्या पोरानं सहज म्हणून ते घातलं, तरी नियम मोडतो.

पॉडमॅनमध्ये पाठीमागं सतत चालणारी, रूटचे, म्हणजे मशीनवरचे सगळे, अधिकार घेतलेली सेवा नसते. कंटेनर साध्या युजरच्या नावावर चालतात, म्हणून सुरक्षेला ते उजवं. अल्मा, रॉकी, रेड हॅट घेतलंत तर पॉडमॅनच घ्या. दोन ठिकाणी मात्र ठेच लागते. युजरनं लॉगआउट केलं की त्याचे कंटेनर बंद पडतात, त्यासाठी 'लिंगर', म्हणजे युजर गेला तरी त्याचं काम चालू ठेवायची सोय, चालू करावं लागतं. आणि व्हॉल्यूम जोडताना सेलिनक्स ही लिनक्समधली कडक पहारेकरी व्यवस्था आडवी येते, तिथं जोडणीच्या शेवटी मोठा झेड लावायचा असतो. 'सेलिनक्सच बंद करा' असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

कुबरनेटीस अनेक सर्व्हरवरचे कंटेनर एकत्र सांभाळतं. ते गूगलमधून २०१४ मध्ये बाहेर आलं, तेच ढीगभर सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या गरजेतून. त्याच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि एकेकीला साधारण १४ महिने अपडेट मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड आलंच. दुसरी गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. एक मशीन पडलं तरी काम चालू राहावं, यासाठी नियंत्रण करणारी किमान तीन मशीन लागतात, कारण निर्णय बहुमतानं होतो. दोनांतलं एक पडलं तर बहुमत उरत नाही. कागलला एक, शिरोलीला दोन असे प्लांट असतील आणि या कामाला पूर्णवेळ माणूस असेल, तर के-थ्री-एस हे कुबरनेटीसचं छोटं रूप आधी करून बघा. ओपनशिफ्ट म्हणजे रेड हॅटनं सजवून, सपोर्टसकट दिलेलं कुबरनेटीसच. एका सर्व्हरच्या फाउंड्रीला ते देणं म्हणजे घरच्या पाच माणसांसाठी लग्नाचा आचारी बोलावणं.

पायरी ४ : जुन्या पीसीवर दोन आठवडे छळ करा

कोटेशनवर सही करण्याआधी १६ जीबी रॅमचा एखादा पडून असलेला पीसी घ्या, निवडलेली जोडी त्यावर घाला आणि खऱ्या डेटाची प्रत चढवा. मग वाईट वागा. भर कामात प्लग उपटा. वीज आल्यावर सगळं आपोआप उठतं का? डॉकरमध्ये रीस्टार्टचं धोरण सांगितलं नसेल तर उठत नाही. कंटेनर पुसून पुन्हा काढा, डेटा जागेवर आहे का बघा. डेटाबेसचं पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) दुसऱ्या पीसीवरून उघडतं का तपासा. उबंटूचा यूएफडब्ल्यू फायरवॉल 'पोर्ट बंद आहे' म्हणत असतो आणि डॉकरनं बाहेर काढलेलं पोर्ट त्याला वळसा घालून उघडंच असतं.

शेवटची चाचणी म्हणजे डिस्क कशानं भरत जाते ते बघणं. ती मी एकदा टाळली होती. १० तारखेची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची शेवटची मुदत. एका गिऱ्हाईकाकडं इन्व्हॉइस सेव्ह होईना. डिस्क शंभर टक्के भरलेली. डेटा तर मूठभर, मग गेलं कुठं? एका कंटेनरची लॉग फाइल, म्हणजे घडामोडींची नोंदवही, दीड वर्ष फुगत बसली होती. डॉकर मुळात लॉगला मर्यादा घालत नाही, ती आपण घालायची असते आणि मी घातली नव्हती. फाइल रिकामी करून काम सुरू झालं, पण अकाउंटंटबाईंनी त्या रात्री माझ्याशी बोलणं टाकलं. आता मी पहिल्याच दिवशी दहा एमबीच्या तीन फाइली अशी मर्यादा घालतो. ही मर्यादा नव्यानं काढलेल्या कंटेनरलाच लागते, जुने पुन्हा काढावे लागतात.

पायरी ५ : बॅकअप पुराच्या पाण्यापलीकडं

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. त्या दिवसांत कारखान्यातल्या कपाटातला बॅकअप असून नसल्यासारखा. एक प्रत इमारतीबाहेर, शक्यतो गावाबाहेर हवी. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करू नका, त्या अर्धवट येऊ शकतात. डेटाबेस पोस्टग्रेस असो की मारियाडीबी, त्याच्याच साधनानं डंप, म्हणजे एकसंध प्रत, काढा. आणि तो डंप महिन्यातून एकदा त्या छळलेल्या पीसीवर चढवून बघा.

त्या फाउंड्रीत शेवटी एका मशीनवर प्रॉक्समॉक्स बसलं. त्यात टॅलीसाठी एक विंडोज, आणि बाकीच्यासाठी उबंटू २४.०४ वर डॉकर. ओपनशिफ्टचं कोटेशन परत गेलं. वाचलेल्या पैशातून मालकांनी मोठा यूपीएस घेतला. सर्व्हरच्या कपाटावर हीट नंबर लिहायच्या पांढऱ्या मार्करनं सुपरवायझरनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : २०२९.