छोट्या टँकमधे आफ्रिकन सिक्लिड: सोबत कोण चालेल, कोण नाही

दुकानात जायच्या आधी टेप घ्या आणि टाकीची लांबी रुंदी मोजा, किती लिटरची आहे ते नंतर. आफ्रिकन सिक्लिड म्हणजे आफ्रिकेतल्या तलावांतले रंगीत मासे, आणि यातला प्रत्येक जण तळाच्या जागेवरून भांडतो, हा दगड माझा, इथून तिथपर्यंत माझं, असा त्याचा हिशोब असतो, त्यामुळे टाकी उंच असली आणि लिटर जास्त भरत असले तरी दोन फूट लांब म्हणजे दोन फुटीच. 24 x 12 x 12 इंचाची टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम 55 लिटर होते, 36 x 15 x 15 ची साधारण 130, त्यात वाळू आणि दगड गेले की पाणी अजून कमी. या दोन साइजबद्दलच लिहितेय कारण आपल्या फ्लॅटमधे बहुतेक याच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे "आफ्रिकन" हा काही एक मासा नाही. दुकानात मिळणारे बहुतेक मलावी तलावातले असतात, थोडे टांगानिका तलावातले. मलावीत दगडांच्या कपारीत राहणारे जे मासे आहेत त्यांना तिथले टोंगा लोक म्बुना म्हणतात, म्हणजे दगडातले मासे, आणि आपल्याकडे पिवळे निळे केशरी जे काही विकलं जातं त्यात बरेचसे हेच. दिवसभर दगडावरचं शेवाळ खरवडून खातात आणि आपला दगड राखतात. आणि हो, भिगवणला उजनीच्या काठावर आपण जी चिलापी खातो ती पण आफ्रिकन सिक्लिडच, तिलापिया, 1952 साली भारतात आणली, आणि एकदा जम बसल्यावर इथल्या माशांची काय अवस्था केली ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. तुमच्या टाकीतला तीन इंची मासा त्याच घराण्यातला आहे हे लक्षात ठेवूनच सोबती निवडा.

आता सरळ सांगते, गप्पी, मॉली, टेट्रा, गोल्डफिश, एंजल, डिस्कस यातलं काहीच टाकू नका. नुसत्या मारामारीचा प्रश्न नाही. टेट्रा आणि डिस्कसला मऊ (कमी क्षारांचं), थोडं आंबट पाणी लागतं, आफ्रिकनला कडक (जास्त क्षारांचं) आणि पीएच 7.8 च्या वर, दोघांना एकाच पाण्यात ठेवलं तर कोणाला तरी रोज त्रास होणार. गोल्डफिशला थंड पाणी बरं आणि त्याची लांब शेपटी म्हणजे म्बुनाला आयतं गवत. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नचं तर नाव पण काढू नका, ते अमेरिकेकडचे सिक्लिड, एक फुटाच्या आसपास वाढतात.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र "असॉर्टेड आफ्रिकन" नावाच्या पिशवीने होतं. माझ्या पहिल्या तीन फुटी टाकीत मी असेच दहा आणले होते, प्रत्येक वेगळा, एवढे सुंदर की रात्री लाइट बंद करवत नव्हता. त्यात एक पिवळा होता, अंगावर काळे पांढरे आडवे पट्टे, विचारलं तर दुकानदार म्हणाला एकदम शांत आहे ताई. तो ऑराटस. चार महिन्यात त्याचा पिवळा रंग गेला, अंग काळपट झालं आणि पट्टे फिकट, म्हणजे तो नर होता आणि वयात आला, आणि मग एक दिवस सकाळी बघते तर तीन मासे हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला चिकटून उभे, शेपट्या कुरतडून काड्या राहिलेल्या. तो एकटा मधे फिरत होता, कोणी इंचभर खाली आला की धावून जायचा. आठवडाभरात दोन गेले. वरच्या कोपऱ्यात चिकटून राहणं ही खूण पाठ करून ठेवा, असा मासा दिसला की त्याच दिवशी त्याला किंवा मारणाऱ्याला बाहेर काढायचं, उद्या बघू म्हणायचं नाही.

म्हणून छोट्या टाकीत ऑराटस, केनी (लहानपणी सगळे निळे, नर मोठा झाला की पिवळा होतो) आणि बंबलबी म्हणून मिळणारा क्रॅब्रो हे तीन नकोच. डेमासोनी दिसायला छोटा आणि दुकानात खूप असतो, पण तो आपल्याच जातीच्या माशांना मारतो, बारा पंधराचा घोळका असेल तरच मार वाटला जातो आणि त्यासाठी चार फूट बरे. पीकॉक म्हणून मिळणारे मलावीतलेच दुसरे सिक्लिड, त्यांचे नर म्बुनाच्या दांडगाईत दबून जातात, रंगच येत नाही, आणि मोठे पण होतात, तेही सोडा.

मग ठेवायचं काय? दोन फुटी टाकीत माझं उत्तर एकच, टांगानिकातले शंखात राहणारे छोटे सिक्लिड, मल्टीफॅसिएटस, हॉबीवाले नुसतं मल्टी म्हणतात. मोठा नर पण दोन इंचाच्या आतच राहतो. तळाला दोन इंच बारीक वाळू, त्यावर गोगलगायीचे रिकामे शंख, आत मासा वळू शकेल एवढं तोंड हवं, प्रत्येक माशामागे निदान दोन शंख, उकळून साफ करून. सहा मासे आणा आणि सोबत काहीच टाकू नका, खरंच काही लागत नाही. तोंडाने वाळू उचलून बाहेर नेऊन थुंकतात, शंखाभोवती खड्डा करतात, आणि काही महिन्यांनी शंखाच्या तोंडाशी पापणीच्या केसाएवढं पिल्लू दिसतं, जरा सावली पडली की आत. मोठी भावंडं पिल्लांना हाकलत नाहीत, सगळं खटलं एकत्र राहतं. साध्या दुकानात पटकन मिळत नाहीत, ओळखीच्या ब्रीडरकडे सांगून ठेवावं लागतं, पण थांबा, त्याच्याऐवजी दुसरं काही घेऊन येऊ नका.

तीन फुटीत दोन रस्ते आहेत, आणि ते एकमेकात मिसळायचे नाहीत. टांगानिकाच ठेवायचं असेल तर एका बाजूला मल्टीची वाळू आणि शंख, दुसऱ्या बाजूला दगडांची उभी रास आणि त्यात जुलिडोक्रोमिस या दगडात राहणाऱ्या टांगानिकातल्या सिक्लिडची एक जोडी, छोटी ट्रान्सक्रिप्टस मिळाली तर उत्तम. ते दगड सोडत नाहीत, हे शंख सोडत नाहीत, मधे मोकळी वाळू ठेवली की झालं. ब्रिचार्डी हा टांगानिकातलाच, खूप देखणा आहे पण त्यात टाकू नका, एकदा जोडीने अंडी घातली की पूर्ण टाकी त्यांची.

म्बुना हवे असतील तर सौलोसी बघा. नर निळा पट्टेवाला, माद्या पिवळ्याजर्द, म्हणजे एकाच जातीत दोन रंग मिळतात, वाढतात जेमतेम सव्वातीन इंच. लहान दहा आणा, मोठे होताना जास्तीचे नर ओळखून काढा, शेवटी एक नर आणि पाच सहा माद्या. दुसरा पर्याय यलो लॅब, म्बुनातला सगळ्यात सोशिक, त्याच्यासोबत रस्टी चालतो, जांभळट तपकिरी, तोही शांत. एका नरामागे तीन माद्या धरा, नाहीतर तो एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवून मारतो. सौलोसी आणि यलो लॅब एकत्र नको, माद्या सारख्या दिसतात आणि संकर होतो. यलो लॅब आणि रेड झेब्रा नावाच्या केशरी म्बुनाचं तर सर्रास होतं, दुकानात काळी किनार नसलेले फिकट केशरी "यलो लॅब" दिसतात ना, ते बरेचदा तेच. पाठीच्या पंखावर काळी रेघ स्पष्ट असेल तोच घ्या.

तळाला कोणी हवं असेल तर एक ब्रिसलनोज प्लेको, चार पाच इंचाचा राहतो आणि कडक पाण्यात जमवून घेतो. साधा सकर नाही! तो फूट दीड फूट होतो, मग लोक त्याला नदीत सोडतात आणि आपल्या नद्यांमधे तो पसरत चाललाय. जास्त झालेला कुठलाही मासा दुकानात फुकट परत द्या, पण ओढ्यात, तलावात, विहिरीत सोडू नका.

पाण्याचं थोडक्यात. मुंबई पुण्याचं नळाचं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात फिल्टरमधे जाळीच्या पिशवीत कोरल चिप्स (प्रवाळाचे तुकडे) ठेवा, पीएच हळूहळू वर जाऊन टिकतो. बोअरचं पाणी बहुतेक आधीच कडक असतं, टेस्ट किटने बघा, 8 च्या आसपास असेल तर काही घालायची गरज नाही. तापमान 25-26. दगड आपला काळा बेसॉल्ट चालतो, पण वाळूच्या आधी काचेवर टेकवा, मासे खालून वाळू उकरतात आणि रास घसरते. फिल्टर तासाला टाकीच्या आठ दहा पट पाणी फिरवणारा, आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल, नव्या पाण्यातला क्लोरीन घालवून.

म्बुनाला ब्लडवर्म, ट्युबिफेक्स असलं किडे-अळ्यांचं खाणं देऊ नका, शेवाळ पचवायला त्यांचं आतडं लांब असतं, मांसाहार जास्त झाला की पोट फुगतं, खाणं सुटतं आणि पांढरी धाग्यासारखी विष्ठा दिसते, तोपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो. स्पिरुलिनाचे दाणे आणि अधूनमधून उकडलेला सोललेला मटार पुरे.

सोडताना सगळे एकाच दिवशी सोडा, पण टाकी आधी नीट सायकल झालेली हवी, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमधे तयार झालेले हवेत. नंतर एखादा वाढवायचाच असेल तर सगळे दगड उचलून जागा बदला, जुन्यांचे पण इलाके मोडतात आणि नवा एकटा पाहुणा राहत नाही, मग लाइट बंद करून रात्रभर राहू द्या. पहिले पंधरा दिवस एक छोटी टाकी किंवा जाळीचा बॉक्स रिकामा तयार ठेवा. आणि खात नसलेली, हनुवटी फुगलेली म्बुना मादी दिसली तर घाबरून औषध टाकू नका, तिच्या तोंडात अंडी आहेत, साधारण तीन आठवडे ती तशीच राहील, तिला फक्त एक अशी कपार लागते जिच्यात नर शिरू शकत नाही.