टबाच्या कडेची फट भरताना या चुका टाळा

बाथटबची कड आणि भिंतीच्या टाइल्स यांच्यातली फट जेमतेम काही मिलिमीटरची असते, म्हणून तिच्याकडे कोणी गंभीरपणे बघत नाही. शॉवरचं पाणी मात्र रोज टाइल्सवरून ओघळत तिथेच येतं, टबामागे उतरतं आणि मग खालच्या घराच्या छताला पोपडे येतात. हे काम अवघड नाही. ते घाईत केलं जातं, एवढंच त्याचं दुखणं आहे.

फटीत व्हाइट सिमेंट भरणं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मिस्त्रीच्या डब्यात व्हाइट सिमेंट असतंच, टाइल्सचे जोड भरताना तो तोच हात टबाच्या कडेवरही फिरवतो. पण टाइल आणि टाइल यांच्यातला जोड वेगळा आणि हा वेगळा. इथे भिंत हलत नाही, टब हलतो. टब भरला की त्यात साधारण १५० लिटर पाणी, म्हणजे १५० किलो वजन येतं, वर आत बसणारं माणूस. ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकचाच, टब या भाराखाली थोडा तरी दबतोच. सिमेंटला ताण सोसत नाही, ते तडकतं. एपॉक्सी ग्राउट, म्हणजे राळेचं जोड भरायचं मिश्रण, महाग असलं तरी तेही कडकच. इथे सिलिकॉन लागतं, म्हणजे ट्यूबमधून येणारं, सुकल्यावरही रबरासारखं ताणलं जाणारं सीलंट.

ठाण्यातल्या एका सोसायटीत या फटीवरून वरच्या आणि खालच्या घरांचं बोलणं बंद झालं होतं. खालच्या काकूंच्या बाथरूमचं छत फुगलं होतं. वरच्यांनी आधी व्हाइट सिमेंट भरून घेतलं, ते तडकलं; मग एपॉक्सी, तेही सुटलं; शेवटी कोणीतरी त्यावरूनच सिलिकॉन फासून गेलं. मी नखाने टोक उचललं तर सगळी पट्टी हातात आली, खाली काळी बुरशी. मग टबात पाणी सोडायला सांगितलं आणि कडेला टॉर्च धरला. पाणी चढत गेलं तशी फट उघडत गेली. वरचे दादा बघतच राहिले, म्हणाले, "अहो, हा तर खाली चाललाय!" टबाचे पाय नीट टेकलेलेच नव्हते. आधी पाय घट्ट बसवले, मग जुनं सगळं खरवडून काढलं, जागा वाळू दिली आणि त्यानंतर सिलिकॉन भरलं. छत वाळायला बराच काळ गेला, रंग त्यानंतरच लावला.

रिकाम्या टबावर सिलिकॉन भरणं. टब आधी पाण्याने भरा, कड ओली होऊ न देता. फट सगळ्यात रुंद असते तेव्हाच ती भरायची. सिलिकॉन पक्कं होईपर्यंत, म्हणजे किमान २४ तास, टबातलं पाणी काढायचं नाही. पुढे टब रिकामा झाला की सिलिकॉन दाबलं जातं. दाब ते सोसतं, सतत ओढलं गेलं की सुटतं. याला फुकटचं पाणी लागतं, बाकी काही नाही, तरीही ही पायरी का गाळतात ते मला आजवर कळलेलं नाही.

जुन्यावरच नवं लावणं. वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन चिकटत नाही. जुनं पूर्ण निघालंच पाहिजे, अगदी पातळ पापुद्रासुद्धा. कामाचा अर्धा वेळ यातच जातो आणि तो जाऊ द्यावा. टाइलवर ब्लेड चालतं, ॲक्रिलिकवर प्लास्टिकची पट्टीच वापरा. थिनर किंवा ॲसिटोन ॲक्रिलिकला लावू नका, चकाकी जाते. शेवटी स्पिरिटचं फडकं हलक्या हाताने फिरवायचं.

ओल्या जागेवर काम करणं. मी बाथरूम दोन दिवस बंद ठेवायला लावतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. ज्यांना संध्याकाळीच अंघोळ करायची आहे, त्यांनी हे काम काढूच नये.

कुठलीही ट्यूब आणणं. दुकानात "सॅनिटरी सिलिकॉन" म्हणून मागा, त्यात बुरशीरोधक असतं. ॲक्रिलिक सीलंट पाण्याच्या जागी टिकत नाही. भिंतीला मार्बल असेल तर न्यूट्रल सिलिकॉनच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक सिलिकॉन मार्बलवर डाग पाडतं. ट्यूबवरची मुदतही बघा, जुना माल नीट सुकत नाही.

रुंद फट नुसत्या सिलिकॉनने बुजवणं. फट ६ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर आत आधी फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड, बसवा. सिलिकॉन दोन्ही बाजूंना चिकटावं, मागे नाही. तरच ते मोकळेपणी ताणतं.

टेप उशिरा काढणं. मास्किंग टेप दोन्ही बाजूंना लावाच. बोट एकदाच, न थांबता फिरवा आणि साय धरायच्या आत टेप ओढून काढा. वारंवार बोट फिरवणाऱ्यांची कड कधीच सरळ येत नाही.

एवढं करूनही खाली ओल येत राहिली तर पुन्हा सिलिकॉनची ट्यूब उचलू नका. भिंत कोरडी ठेवून टब भरा आणि लगेच सोडून द्या. तेवढ्यानेच खाली पाणी दिसलं, तर गळती बहुधा टबाच्या वेस्ट कपलिंगला (तळाच्या भोकातला निचऱ्याचा जोड) किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपला (वरच्या भोकातून जादा पाणी नेणारा) आहे. तिथे प्लंबरच बोलवा आणि टबाखालचं झाकण उघडून त्याला आत बघायला लावा.