एच-१बीवर नोकरी गेली तर: साठ दिवसांचा हिशेब

अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या तात्पुरत्या कुशल नोकरीच्या व्हिसावर, असताना नोकरी गेली, तर देशात कायदेशीर राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. हा नियम १७ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. या काळात काम करता येत नाही, फक्त राहता येतं आणि पुढची सोय लावता येते. एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेले जोडीदार आणि मुलं यांचेही तेवढेच दिवस, त्यांना वेगळी मुदत नाही.

बहुतेक घरांत इथेच गैरसमज होतो. पुण्यातून आईवडील रोज फोन करून विचारतात, "लागली का नोकरी?" कायद्याचा प्रश्न तो नाहीच. साठ दिवसांच्या आत रुजू व्हावंच लागतं असं नाही. त्या मुदतीत तुमच्या नावाचा योग्य अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, पोचलेला असावा लागतो. तो अर्ज नव्या कंपनीचा असेल, जोडीदाराच्या व्हिसावर तुम्हाला मिळणाऱ्या एच-४चा असेल, नाहीतर बी-२चा, म्हणजे पर्यटक व्हिसाचा. अर्ज पोचला नाही आणि तुम्ही देशही सोडला नाही, तर ६१ व्या दिवसापासून स्टेटस, म्हणजे कायदेशीर वास्तव्याचा दर्जा, संपलं.

दिवस मोजायचे कसे

मोजणी नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. नोकरी संपल्याचा दिवस सहसा पगार मिळालेल्या शेवटच्या दिवसावरून धरतात. समजा, पगाराचा शेवटचा दिवस ३ मार्च. मग ४ मार्च हा पहिला दिवस. मार्चचे २८, एप्रिलचे ३०, म्हणून साठावा दिवस २ मे. शनिवार-रविवार, सुट्ट्या सगळं यात धरलेलं आहे. शेवटचा दिवस रविवारी आला तर सोमवारी चालेल असं गृहीत धरू नका.

सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी जाताना कंपनीने दिलेल्या, एकरकमी पैशाने मुदत वाढत नाही. तीन महिन्यांचा पगार हातात ठेवून "आजपासून येऊ नका" म्हणाले, तर मोजणी उद्यापासूनच. काम काढून घेतलं पण पगारपत्रकावर नाव ठेवलं, अशी नोटीस असेल तर नोकरी नेमकी कधी संपली यावर वाद होऊ शकतो. अशा वेळी दोन तारखांतली आधीची धरून चाला. तरीही सेव्हरन्सच्या करारावर सही करण्याआधी एचआरला एकदा विचारा: एकरकमी देण्याऐवजी तेच पैसे पगार म्हणून देऊन शेवटची तारीख पुढे नेता येईल का? काही कंपन्या तयार होतात. सही झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहायची परवानगी आहे याची नोंद. साठ दिवस किंवा आय-९४ची तारीख, यांतलं जे आधी येईल ते खरं. आणि आय-९४ पासपोर्टच्या मुदतीमुळे मधेच कापलेला असू शकतो. विमानतळावर अधिकारी बऱ्याचदा पासपोर्ट संपतो त्याच तारखेपर्यंतचा आय-९४ देतात. आय-७९७वर (अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) २०२७ दिसतं म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि आय-९४ दीड महिन्यातच संपत असतो. आजच सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा खात्याच्या) संकेतस्थळावर जाऊन शेवटच्या प्रवेशाचा आय-९४ उतरवून घ्या आणि त्यावरची तारीख आय-७९७च्या खालच्या भागातल्या आय-९४शी ताडून बघा. दोन्हींतला जो नंतर मिळाला तो साधारणपणे लागू होतो. जोडीदाराचा आणि मुलांचा आय-९४ वेगवेगळा तपासा. त्यांच्या तारखा वेगळ्या निघतात, कारण पासपोर्ट वेगवेगळ्या वेळी काढलेले असतात.

आणखी दोन गोष्टी. ही सवलत एका मंजूर मुदतीत एकदाच मिळते. आणि ती अधिकाऱ्यांच्या मर्जीवर आहे, म्हणजे कमीही धरता येते. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये.

पहिल्या आठवड्यात

ऑफिसचा लॅपटॉप आणि ईमेल बंद होण्याआधी कागद गोळा करा: सगळे आय-७९७, शेवटच्या तीन-चार महिन्यांच्या पे स्लिप, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेल्या कराचं पत्रक), नोकरी संपल्याचं पत्र, एलसीएची (पगार-अटींबद्दल कंपनीने श्रम खात्याकडे केलेल्या अर्जाची) प्रत. ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असेल तर आय-१४०च्या (ग्रीन कार्डसाठी कंपनीने तुमच्या नावाने केलेल्या अर्जाच्या) मंजुरीची प्रत मागा. प्रत देत नसतील तर निदान रिसीट नंबर आणि प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) लिहून घ्या. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर कंपनीने नंतर तो मागे घेतला तरी तेवढ्यामुळे मंजुरी रद्द होत नाही. प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते आणि एच-१बीच्या सहा वर्षांच्या कमाल मुदतीनंतरचं एक्स्टेन्शनही त्यावर मिळू शकतं. आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटच्या टप्प्यातला तुमचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस उलटले असतील, तर तुमची परिस्थिती बरीच सुरक्षित आहे. तशाच प्रकारच्या कामावर नवी कंपनी बघता येते. त्याबद्दल वकिलाशी वेगळं बोला.

पुण्यातल्या घरच्यांना याच आठवड्यात कामाला लावा. पदवीचं प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि आधीच्या कंपन्यांची पत्रं बहुधा कोथरूडच्या किंवा चिंचवडच्या घरातल्या कपाटात असतात. रंगीत स्कॅन करून पीडीएफ मागवा, मोबाइलवर काढलेले तिरके फोटो नकोत. मार्कशीट हरवली असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून दुसरी प्रत किंवा ट्रान्सस्क्रिप्ट काढायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज लगेच करा. ज्यांची पदवी तीन वर्षांची आहे, म्हणजे नुसतं बी.एस्सी. किंवा बी.कॉम., त्यांनी अनुभवाच्या पत्रांकडे खास लक्ष द्यावं. पदवी अमेरिकेच्या चार वर्षांच्या बरोबरीची दाखवताना तीन वर्षांचा अनुभव शिक्षणाच्या एका वर्षाबरोबर धरतात. पण आपल्याकडच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये फक्त तारखा आणि हुद्दा असतो. काम काय केलं हे लेटरहेडवर लिहिलेलं पत्र लागतं. हिंजवडीतल्या जुन्या मॅनेजरला आत्ताच निरोप द्या.

कंपनीने स्वतः काढून टाकलं असेल आणि एच-१बीची मुदत शिल्लक असेल, तर मायदेशी परतायचा वाजवी प्रवासखर्च देणं कंपनीवर बंधनकारक आहे. हा खर्च फक्त कर्मचाऱ्याचा, कुटुंबाचा नाही. स्वतः राजीनामा दिला असेल तर हा हक्क नाही. म्हणूनच "राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं दिसेल" असं कोणी सुचवलं तर घाईने मान डोलावू नका. जुन्या कंपनीचा आरोग्य विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवायचा, म्हणजे कोब्राचा, पर्याय निवडायला सहसा ६० दिवस असतात.

नवी कंपनी: खरे दिवस चाळीसच

नवी कंपनी मुदतीच्या आत आय-१२९, म्हणजे तुमच्यासाठीचा एच-१बीचा अर्ज, दाखल करते. तो यूएससीआयएसकडे पोचला की मंजुरीची वाट न बघता त्या कंपनीत काम सुरू करता येतं. नव्या एच-१बीसाठी काढतात त्या लॉटरीत पुन्हा जावं लागत नाही. पण हा अर्ज एका दिवसात तयार होत नाही. आधी श्रम खात्याकडून एलसीए मंजूर व्हावा लागतो, त्याला कामाचे सात दिवस जातात. कंपनी लहान असेल किंवा पहिल्यांदाच एच-१बी करत असेल, तर तिचा कर क्रमांक पडताळण्यात आणखी दिवस जातात. मग वकील कागद मागणार, सह्या, कुरिअर. ऑफर लेटरपासून अर्ज पोचेपर्यंत दोन ते तीन आठवडे धरा. म्हणजे ऑफर चाळिसाव्या दिवसापर्यंत हातात हवी. अर्ज साठाव्या दिवशी कुरिअरला टाकून चालत नाही, त्या दिवशी तो पोचलेला असावा लागतो.

मुलाखतीतच एचआरला सांगा की अमुक तारखेच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. लाजू नका. ऑफर देऊन तीन आठवडे "बॅकग्राउंड चेक चालू आहे" म्हणत बसणाऱ्या कंपनीमुळे मुदत उलटते, आणि त्याचा भुर्दंड तुम्हालाच बसतो.

चाळिसावा दिवस उलटला, ऑफर नाही

आता आय-५३९, म्हणजे स्टेटस बदलायचा अर्ज, भरायची वेळ आली. जोडीदार स्वतःच्या एच-१बीवर असेल तर एच-४ मागा, हा सगळ्यात भक्कम मार्ग. एच-४वर घालवलेला काळ तुमच्या सहा वर्षांत मोजत नाहीत आणि पुढे लॉटरीशिवाय एच-१बीवर परत येता येतं. जोडीदार नसेल तर बी-२. बी-२साठी थांबण्याचं कारण, राहण्या-खाण्याचे पैसे आणि परत जाण्याचा विचार हे कागदावर दाखवावं लागतं: बँकेचं स्टेटमेंट, भाड्याचा करार कधी संपतो, मुलांचं शाळेचं सत्र कधी संपतं, सामान कधी हलवणार. "नोकरी शोधतोय" एवढंच एका ओळीत लिहिलेलं पत्र कमजोर पडतं. बी-२वर असताना नोकरी शोधायला आणि मुलाखत द्यायला हरकत नाही, हे यूएससीआयएसने स्पष्ट केलेलं आहे. काम मात्र अजिबात नाही.

आय-५३९ ऑनलाइन भरता येत असेल तर तसाच भरा, पावती लगेच मिळते. अर्ज वेळेत आणि प्रामाणिक असेल, तर निर्णय होईपर्यंत बेकायदा वास्तव्याचे दिवस चढत नाहीत. पण प्रलंबित अर्ज म्हणजे स्टेटस नव्हे. दोन ठिकाणी त्रास होतो. एक, बी-२ प्रलंबित असताना साठ दिवसांनंतर नवी ऑफर आली, तर आय-१२९ दाखल होताच काम सुरू करता येत नाही. मंजुरीची वाट बघावी लागते, म्हणून कंपनीला जादा फी भरून लवकर निर्णय मिळवायचं प्रीमियम प्रोसेसिंग करायला सांगा. दोन, आय-५३९ नाकारला आणि तोपर्यंत दुसरं स्टेटस नसेल, तर नाकारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्य चढू लागतं. २०२५ पासूनच्या धोरणानुसार इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीसही येऊ शकते. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं प्रवेश बंद. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं.

शिक्षणासाठी एफ-१ मागता येतो, पण त्यासाठी कॉलेजने दिलेलं प्रवेशाचं पत्रक, आय-२०, हवा आणि खरोखर शिकायचं असेल तरच. नावापुरत्या कॉलेजात पैसे भरून "पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी" देणारे सापडतात. त्यांच्यापासून लांब राहा.

"पुण्याला जाऊन येतो आणि मग बघू"

हा विचार साहजिक आहे, पण आता तो फार महाग पडू शकतो. देश सोडला की साठ दिवसांची सवलत तिथेच संपते आणि प्रलंबित आय-५३९ सोडून दिल्यासारखा धरला जातो. त्यात १९ सप्टेंबर २०२५च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने, २१ सप्टेंबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लागू झाले. माणूस अमेरिकेबाहेर आहे आणि त्याच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नाही, अशा अर्जांवर हे पैसे आहेत. अमेरिकेत राहून स्टेटस टिकवत नव्या कंपनीत जाणाऱ्याला ते लागत नाहीत. पण स्टेटस गेल्यामुळे "बाहेर जाऊन या" या अटीवर अर्ज मंजूर झाला, तर हे पैसे कंपनीच्या गळ्यात पडू शकतात, आणि बहुतेक कंपन्या तिथेच माघार घेतात. साठ दिवस सांभाळायचं आजचं सगळ्यात मोठं कारण हेच. आदेश मुळात बारा महिन्यांसाठी काढलेला आहे, म्हणून निर्णय घेण्याच्या दिवशी तो कोणत्या रूपात लागू आहे हे वकिलाकडून विचारून घ्या.

पासपोर्टवरचा एच-१बी स्टॅम्प, म्हणजे व्हिसा, अजून चालू असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या कंपनीच्या नावाचा स्टॅम्पही नव्या कंपनीच्या मंजुरीसोबत चालतो. स्टॅम्प संपला असेल तर मात्र मुंबईतल्या वकिलातीची वारी आली. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीला ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद देऊन व्हिसा घ्यायची, सोय नाही, मुलाखत द्यावीच लागते. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया खातीही तपासली जातात आणि ती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. "दोन आठवड्यांत स्टॅम्प करून परत" हा जुना हिशेब आता डोक्यातून काढा.

परत यायचंच ठरलं तर ते मुदतीच्या आत, रेकॉर्ड स्वच्छ ठेवून या. सहा वर्षांपैकी उरलेला काळ पुढे वापरता येतो. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना भारतात दीर्घकाळ राहायला ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) लागेल, त्याचा अर्ज तिकडूनच सुरू करा. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याच्या बँकेला कायमचं परतल्याचं कळवा.

जे करायचं नाही

पुण्यातल्या मित्राच्या कंपनीचं काम अमेरिकेत बसून लॅपटॉपवर करू नका. पगार रुपयांत आला तरी तुम्ही अमेरिकेच्या भूमीवर विनापरवाना काम करताय असं धरलं जाऊ शकतं. गाडी चालवून किंवा जेवण पोचवून पैसे मिळवणंही त्यातच येतं.

"आमच्या पे-रोलवर घेतो, पैसे तुम्हीच भरा, प्रोजेक्ट नंतर बघू" असं सांगणारी कन्सल्टन्सी तर नकोच. बिनपगारी बेंच, म्हणजे प्रोजेक्ट मिळेपर्यंत पगाराविना बसवून ठेवणं, एच-१बीमध्ये बेकायदा आहे. बेंचवरचा पगार द्यायची जबाबदारी कंपनीची, आणि अर्जाची फी तुमच्याकडून वसूल करणंही नियमाविरुद्ध. खोट्या पे स्लिप ही फसवणूक ठरते. त्याने व्हिसा कायमचा नाकारला जाऊ शकतो, आणि पुढे ते पुसणं फार अवघड असतं.

एल-१वाल्यांसाठी, म्हणजे कंपनीने स्वतःच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदली केलेल्यांसाठी, थोडक्यात. साठ दिवस तुम्हालाही आहेत, पण एल-१ दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पूर्वी कधी एच-१बी मिळाला असेल तर त्यावर जाता येईल, नाहीतर लॉटरी. म्हणून पहिल्याच दिवशी मॅनेजरला विचारा की पुण्याच्या ऑफिसात परत घेणार का, आणि घेणार असतील तर ते लेखी घ्या. ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर मिळणारी कामाची परवानगी) असाल तर हा साठ दिवसांचा नियम तुमच्यासाठी नाही. तुम्हाला बेरोजगारीचे एकूण ९० दिवस आहेत, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या पदवीवर मिळणारं) एक्स्टेन्शन असेल तर सगळे मिळून १५०. नोकरी गेल्याचं दहा दिवसांत कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला कळवा.

इमिग्रेशनच्या वकिलाशी एक तास पहिल्या आठवड्यातच बोला. वकील जुन्या कंपनीचा नसावा, कारण तो कंपनीचं हित बघतो. बोलायला जाताना तीन तारखा लिहून न्या: पगाराचा शेवटचा दिवस, प्रत्येकाच्या आय-९४ची तारीख आणि पासपोर्टवरच्या स्टॅम्पची मुदत.